खुडूक कोंबडी : परड्यातला एक विसरता इतिहास

आम्हा सीमाभागातल्या माणसांच्या परड्यातही दोन भाषा नांदतात. अंड्यांवर ठाण मांडणारी कोंबडी मराठीत ‘खुडूक’ होते. शेजारच्या कन्नड घरात तीच ‘कावु’ला बसते. कावु म्हणजे ऊब. या उबेचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

कोंबडी माणसाळली ती मुख्यतः तांबड्या रानकोंबडीपासून. थायलंडमधल्या बान नोन वाट येथे सापडलेली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडे ही पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची खूण, असे २०२२ साली संशोधकांनी मांडले. कातडीचा पिवळा रंग मात्र आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबडीकडून आला, हे २००८ साली दिसून आले. इजिप्त आणि चीनमधल्या उबवणीच्या भट्ट्या सोडल्या, तर पुढची हजारो वर्षे हा वंश चालला तो खुडूक माद्यांच्या जिवावर.

मग उबवणी यंत्र आले आणि तिचा गुण दोष ठरला. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते, म्हणजे धंद्यात तोटा. न बसणाऱ्या कोंबड्यांचीच पैदास निवडून निवडून केली गेली. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये हा गुण जवळजवळ उरलाच नाही. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी हैदराबादला वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि आपल्याकडेही पिलू ही विकत आणायची वस्तू होत गेली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राची वनराज या जाती परड्यासाठीच काढलेल्या, अंडीही जास्त देणाऱ्या. पण त्या सहसा बसत नाहीत. अंड्यांचा पैसा घरच्या बाईचा असे. पिलांसाठी दरवेळी बाहेर हात पसरावा लागला, की त्या पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला जाते.

म्हणून एक-दोन गावरान कोंबड्या राखाव्यात, असे मला वाटते. खुडूकपणा जबरदस्तीने आणता येत नाही. त्याला जागा द्यावी लागते. अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात भुसा घातलेली पसरट टोपली ठेवावी व तीत दोन-चार अंडी राहू द्यावीत. आमची आजी अंड्याएवढे गुळगुळीत गोटे ठेवी. कोंबडी रात्रीही उठेना, हात नेताच पिसे फुलवून कुरकुरू लागली, की दोन दिवस थांबावे. मग अंधार पडल्यावर दहा-बारा ताजी, कोंबड्याच्या संगतीतली अंडी एकदमच तिच्याखाली सारावीत. मागाहून भर घातली तर पिले मागेपुढे निघतात. दाणापाण्यासाठी ती रोज एकदा उठलीच पाहिजे. आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरावी : लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव धरला, नुसते पिवळे दिसले तर काढून टाकावे. शेवटचे तीन दिवस हात लावू नये. एकविसाव्या दिवशी टरफल आतून टोचले जाते.

यंत्र पिलू काढते. पण दाणा कसा टिपावा आणि घारीची सावली पडताच कुठे लपावे, हे पिलाला खुडूक आईच शिकवते.