यंत्रांतले राखणदार

कोंकणांत व गोमंतकांत गांवाच्या राखणदाराची कल्पना जुनी आहे. तो कोणास दिसत नाहीं. रात्रीं शिवेवरून फेरी घालतो आणि चुकल्या वाटसरूस वाट दाखवितो, असें लोक मानतात. घरोघरच्या संगणकांत असे न दिसणारे राखणदार हल्लीं पुष्कळ नांदतात. पडद्यावर कोणी पत्र लिहीत असतो, आणि पडद्याआड एक प्रोग्राम टपाल आलें कां पाहतो, दुसरा घड्याळ जुळवितो, तिसरा कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवितो. यांपैकीं तिसऱ्याविषयीं, म्हणजे बॅकअपच्या प्रोग्रामाविषयीं, कुरकुर विशेष ऐकूं येते. बाहेरची डिस्क विकत घेतली, तिच्याबरोबर आलेला प्रोग्राम यंत्रावर बसविला, आणि दोन वर्षांनीं ती डिस्क कपाटांत गेली. प्रोग्राम मात्र रोज यंत्राबरोबर जागा होतो आणि न येणाऱ्या डिस्कची वाट पाहत बसतो. हा प्रकार कसा उद्भवला तें समजण्यास साठ वर्षें मागें जावें लागतें.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ मध्यें एकाच संगणकावर अनेकांस एकाच वेळीं काम करतां येईल अशी पद्धति करून दाखविली. तिचें नांव सीटीएसएस. सोय मोठी झाली, पण तिच्या पोटीं एक नवी भीतीहि आली. अनेकांचें काम एका डिस्कवर एकत्र राहूं लागलें. ती डिस्क बिघडली तर एकाचें नव्हे, सर्वांचें नुकसान. म्हणून कोणी न सांगतां फायलींच्या प्रती चुंबकीय फितीवर उतरविणारा एक प्रोग्राम योजण्यांत आला. १९६३ च्या सुमारास तेथील प्रोजेक्ट मॅकमध्यें अशा पडद्याआडच्या प्रोग्रामांस ‘डीमन’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि कॉर्बाटो यांच्याच सांगण्याप्रमाणें पहिला डीमन हा बॅकअपचा होता. आज ज्याच्याविषयीं कुरकुर होते तो या सबंध घराण्याचा मूळपुरुष आहे, ही गंमत लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

नांव घेतलें तें पदार्थविज्ञानांतून. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६७ मध्यें एका पत्रांत वेगवान व मंद रेणू निवडून वेगळे करणारा एक अतिसूक्ष्म द्वारपाल कल्पिला होता. विल्यम टॉमसन यांनीं १८७४ मध्यें त्यास ‘डीमन’ म्हटलें. ग्रीक लोकांचा ‘डायमोन’ हा मूळचा पिशाच नव्हे. तो माणसांच्या सोबत वावरणारा, बरा वा वाईट असा एक जीव. आपल्या राखणदाराशीं त्याचें नातें अधिक जुळतें. या शब्दाच्या प्रत्येक अक्षराचा विस्तार करून एक लांबलचक इंग्रजी नांव सांगण्याची चाल पुढें पडली, पण ती मागाहून रचलेली आहे.

त्या काळच्या डीमनास धनी होता. यंत्र संस्थेचें, त्यावर देखरेखीस पगारी माणसें, आणि कोणता प्रोग्राम कशासाठीं चालतो हें त्यांस ठाऊक. बेल प्रयोगशाळेंत १९६९ मध्यें सुरू झालेल्या युनिक्स पद्धतींतहि हीच शिस्त राहिली. तिच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तींत ‘क्रॉन’ हा वेळापत्रक पाळणारा डीमन होता. कोणतें काम रात्रीं किती वाजतां व्हावें हें साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेलें असे. एक ओळ खोडली कीं तें काम बंद.

संगणक घरांत शिरला आणि ही व्यवस्था मोडली. १९८१ च्या आयबीएम पीसीवरील डॉस एका वेळीं एकच काम करी. परंतु काम संपल्यावरहि स्मरणांत दबा धरून बसण्याची मुभा ती प्रोग्रामास देई. बोर्लंडचा १९८४ चा ‘साइडकिक’ असाच बसे व खूण होतांच वर येई. जागा अवघी ६४० किलोबाइट, तेव्हां दोनचार बिऱ्हाडकरू झाले कीं यजमानासच उभें राहण्यास ठाव उरत नसे. तरीहि उपाय हातचा होता. ‘ऑटोएक्झेक’ फायल उघडावी आणि नको त्या ओळीच्या आरंभीं ‘रेम’ हीं तीन अक्षरें लिहावीं.

१९९३ च्या विंडोज एनटीनें ‘सर्व्हिस’ ही संस्था आणली, आणि धन्याचें अज्ञान येथून वाढूं लागलें. सर्व्हिस ही कोणी यंत्रासमोर बसण्यापूर्वींच सुरू होऊं शकते. तिच्या तीन अवस्था मुख्य: ऑटोमॅटिक, म्हणजे यंत्राबरोबर आपोआप उठणारी, मॅन्युअल, म्हणजे बोलावल्यास येणारी, आणि डिसेबल्ड, म्हणजे बोलावूनहि न येणारी. शिवाय अकस्मात् बंद पडल्यास तिला पुन्हां उठविण्याची आज्ञाहि नोंदवितां येते. टास्क मॅनेजरमध्यें जाऊन प्रोग्राम संपविला तरी क्षणांत तो परत हजर होतो, त्याचें कारण बहुधा हेंच. यंत्र धन्याचा अवमान करीत नाहीं. दुसऱ्या कोणीं दिलेली आज्ञा पाळतें.

बॅकअपच्या प्रोग्रामांनीं या सवलतीचा भरपूर लाभ घेतला. खरें काम करणारा एकच, त्याच्यामागें मात्र लवाजमा: नवी आवृत्ति आली कां पाहणारा, घड्याळाशेजारीं चित्र दाखविणारा, डिस्क जोडली कां याचा कानोसा घेणारा, मुदत संपल्याची आठवण देणारा. प्रती काढण्याशीं यांतल्या पहिल्याचा व शेवटच्याचा कांहींएक संबंध नाहीं. त्यांस रजा दिल्यानें प्रती निघणें थांबत नाहीं.

उलट बाजूचा अविवेकहि या इतिहासांत आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ नांवाची एक सर्व्हिस यंत्रांत येऊं लागली. फायल उघडी असतां, तिच्यांत लेखन चालूं असतां, त्या क्षणाचें तिचें स्थिर रूप धरून ठेवणें हें तिचें काम. अनेक बॅकअप प्रोग्राम तिच्याच आधारावर चालतात. ती मुळांतच मॅन्युअल आहे, काम नसतां निजलेली असते. त्या दशकांत यंत्र चपळ करण्यासाठीं कोणत्या सर्व्हिसेस बंद कराव्या याच्या याद्या हातोहातीं फिरत, आणि उत्साही मंडळी हिलाहि डिसेबल्ड करीत. चपळाई मिळे ती नांवाची. प्रती निघणें मात्र थांबे, आणि तें बहुधा डिस्क मेल्यावरच उघडकीस येई. मुलांचीं छायाचित्रें, घरचा हिशेब, वडिलांनीं टंकून ठेविलेल्या आठवणी, सगळें त्या एका दिवशीं गेलें.

याहून घातक म्हणजे प्रोग्रामाच्या फायली हातानें पुसून टाकणें. कांहीं बॅकअप प्रोग्राम डिस्क व विंडोज यांच्या मध्यें स्वतःचा ड्रायव्हर बसवितात. त्याची नोंद जागेवर राहून फायल तेवढी गेली तर यंत्र सुरूच न होण्याचा संभव असतो. म्हणून पाहुण्यास दारानेंच जाऊं द्यावें, म्हणजे प्रोग्राम काढण्याची जी रीतसर वाट आहे तीच वापरावी.

धन्यास माहिती देण्याची बुद्धि यंत्रकर्त्यांस उशिरां झाली. २०१२ च्या विंडोज ८ मध्यें टास्क मॅनेजरांतच आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांची यादी आली व प्रत्येकाचा भार किती तेंहि लिहिलें गेलें. सर्व्हिसेस मात्र तिच्यांत नाहींत, त्यांची यादी निराळी. ॲपलनें २००७ मध्यें ‘टाइम मशीन’ देऊन दर तासाची प्रत काढण्याचें काम स्वतःच्या अंगावर घेतलें, आणि २०२२ च्या मॅकओएस व्हेंचुरापासून एखादा प्रोग्राम पडद्याआड राहूं लागला तर तशी सूचना देण्यास आरंभ केला.

जाणते लोक जी रीत पाळतात ती अशी. प्रथम बॅकअप प्रोग्रामाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्यें आपोआप सुरू होण्याची खूण काढावी. न भागल्यास टास्क मॅनेजरची यादी पाहावी. सर्व्हिसला हात लावण्याची पाळी सर्वांत शेवटची, आणि तेव्हांहि ऑटोमॅटिकवरून एकदम डिसेबल्ड न करतां आधीं मॅन्युअल करावी; एका वेळीं एकच, व बदल वहींत टिपून. बॅकअप चालूं ठेवावयाचा असेल तर मग यंत्र बंद करून सुरू करावें, ठरल्या वेळची नवी प्रत निघाली कां तें तारखेसह पाहावें, आणि त्या प्रतींतून एखादी फायल दुसऱ्या जागीं परत काढून उघडून बघावी.