बिनानावाची मशीन

माझ्याकडे एक व्हॉल्व्हवाली मशीन आहे. अ‍ॅम्प्लिफायरला आम्ही साउंडवाले मशीनच म्हणतो. राखाडी रंगाची लोखंडी पेटी, पुढे चार बटनं: दोन माइकची, एक फोनोचं, एक टोनचं. मागच्या जाळीत दोन ईएल-३४, तीन ईसीसी-८३ आणि जिच्यामुळे पेटी एकट्याला उचलवत नाही ती ट्रान्सफॉर्मरची जोडी. शौकीन गिऱ्हाईक येतं, जाळीत डोकावतं आणि विचारतं, ‘अहुजा आहे का?’ नाही. ‘मग फिलिप्स?’ तीही नाही. पुढच्या पट्टीवर कुठल्याच कंपनीचं नाव नाही हे कळलं की भाव अर्ध्यावर येतो. नावाचं हे वेड माझ्या डोक्यात काही शिरत नाही. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरचा जन्म या मशीनपेक्षा फार वेगळ्या तऱ्हेने झालेला नाही. तो हिशेब पुढे मांडतो, आधी धंद्याचं सांगतो.

बाबूजींचं बिछायत केंद्र अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात होतं. गाद्या, सतरंज्या, गंज, कढया, कनाती असा संसार. साठच्या दशकात त्यांनी त्यात भोंगे घातले. गोंदिया तेव्हा जिल्हा नव्हता; तो भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. १९५६ पर्यंत तर हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात होता. त्यामुळे बाबूजींच्या पिढीची हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात नांदायची आणि त्यांच्या रेकॉर्डच्या पेटीतही. दमदमच्या कारखान्यातून आलेल्या एचएमव्हीच्या ७८ च्या तबकड्या कापडात गुंडाळलेल्या असत. लग्नघरी भोंगा वाजू लागला की चार गावांना वरात कुठे आहे ते कळे.

पण खरा धंदा लग्नांचा नव्हता, मंडईचा होता. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दिवसा बाजार, ऊस, दंडारीचा फड, गोवाऱ्यांचा नाच, रात्री नाटक. थंडी वाढली की शंकरपट सुरू होतात. बैल धावले की त्या रात्री पुन्हा नाटक आलंच. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक पडदा वर गेल्यापासून पहाटेपर्यंत, आणि ते पाहायला पाहुणे मुक्कामालाच येतात. कितीतरी सोयरिकी याच गर्दीत जुळल्या आहेत. नाटक कंपन्यांचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज, शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा साउंडवाल्यांनाही ती थोडी आपली वाटली.

गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणारी गाडी त्या काळात छोट्या लाइनची होती. नव्वदच्या दशकात ती लाइन रुंद झाली. त्या गाडीने भोंग्यांच्या पेट्या जात, स्टेशनपासून पुढे बंडी. बंडीत खाली धानाची तणस, तिच्यावर मशीन, आणि व्हॉल्व्ह मात्र काढून वेगळ्या डब्यात, तो डबा बाबूजींच्या मांडीवर. काचेपेक्षा आतल्या तारेची धास्ती जास्त. केसासारख्या बारीक तारेची जाळी आत गुंडाळलेली असते. बंडीचं चाक दगडावरून उतरलं आणि ती जाळी हलली की रात्रभर मशीन टणटणते. हाताशी आलेला प्रत्येक व्हॉल्व्ह बाबूजी पेन्सिलीने टकटक करून तपासायचे. भोंग्यातून ठोका ऐकू आला की तो व्हॉल्व्ह पहिल्या खोबणीत कधीच जायचा नाही.

वीज हा वेगळा अध्याय. पुष्कळ गावांत तारा पोचल्याच नव्हत्या. उजेडाला गॅसबत्त्या होत्या. मशीनला मात्र शेकडो व्होल्ट लागतात. म्हणून ट्रकची बॅटरी आणि व्हायब्रेटर. बॅटरीचा सरळ प्रवाह सेकंदाला शंभरेक वेळा तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला फसवणारी ही डबी दिसायला मामुली, पण तिच्या आतले पॉइंट जळत, चिकटत, आणि नेमके तिसऱ्या अंकात. वीज आली तेव्हा तिचीही तऱ्हा होती. संध्याकाळी गावभर दिवे लागले की दाब खाली येई आणि भोंगा मलूल होई. मध्यरात्री गाव झोपलं की दाब चढे. मग व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लाल तर होत नाही ना, ते पाहत जागायचं. नाटक मी लहानपणी पाहिलं ते असं, रंगमंचाकडे पाठ आणि मशीनच्या जाळीकडे तोंड.

माइक एकच. रंगमंचाच्या मधोमध वरून दोरीने सोडलेला. राजा असो की भिकारी, बोलायचं असलं की माइकखाली यायचं, वाक्य टाकायचं, मागे सरकायचं. आमच्याकडचा नट आजही प्रेक्षकांकडे तोंड करून, छाती पुढे काढून वाक्य फेकतो. शहरातले समीक्षक त्याला नाटकीपणा म्हणतात. मला त्यात तो टांगलेला माइक दिसतो. समोर हजारांनी माणसं बसलेली, डोक्यावर उघडं आभाळ आणि आवाज पोचवायला दोन भोंगे, तिथे पुटपुटून कोणाचं भागणार?

आता एक गोष्ट जुन्या लोकांना आवडणार नाही. ‘व्हॉल्व्हचा आवाज गोड होता, आता तो राहिला नाही,’ असं म्हणणारे म्हातारे मला दर मंडईत भेटतात. मी मान डोलावतो, पण पटत नाही. भोंग्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही आणि वरचे सूरही लवकर संपतात. तो बनलाच आहे माणसाचं बोलणं शिवारापलीकडे फेकायला. त्यातून गोडवा कुठून येणार? व्हॉल्व्हने केलं ते इतकंच: नट ओरडला, मशीनच्या ताकदीबाहेर गेला, की आवाजाचा माथा हळूहळू दबतो. ट्रान्झिस्टरच्या मशीनमध्ये तोच माथा एकदम छाटला जातो आणि कानात खुपतो. व्हॉल्व्हचा फाटका आवाज सोसवतो. मागून कोणीतरी हाक मारायचं, ‘भाऊ, आवाज फाटू राहिला ना!’ आणि बाबूजी बटन मागे घ्यायचे. त्यांच्या लेखी तो दोषच होता आणि तो होऊ न देणं हेच कसब.

त्याच वर्षांत सातासमुद्रापलीकडे हा दोष मुद्दाम काढायला लोक पैसे मोजत होते. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. स्वतः ते ड्रम वाजवणारे आणि शिकवणारे. गिटारवाल्या पोरांना अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा बासमन अ‍ॅम्प्लिफायर हवा असे, पण तो महाग पडे. १९६२ मध्ये मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या दोघांना हाताशी धरून त्याची नक्कल करवली. भाग इंग्लंडात मिळतील ते. पहिल्या टप्प्यात फेंडरचा १२एवाय-७ होता, तिथे यांनी ईसीसी-८३ बसवला. त्याची वाढ दुपटीहून जास्त. तेवढ्या बदलाने अ‍ॅम्प्लिफायर लवकर फाटू लागला, आणि पोरांना तेच आवडलं. दशक सरत आलं तसे शेवटच्या टप्प्यात ईएल-३४ आले. मार्शलचा म्हणून जो आवाज आज ओळखला जातो, तो बराचसा या दोन व्हॉल्व्हच्या जोडीचा.

हीच जोडी माझ्या मशीनमध्ये बसली आहे. ती जुळवली नागपूरच्या एका मेकॅनिकने. पेटीच्या तळाच्या पत्र्यावर आतून त्याने पेन्सिलीने सर्किट काढून ठेवलंय, पुढच्या दुरुस्तीवाल्याला अडचण नको म्हणून. मी ते छापील आराखड्यांशी ताडून पाहिलं आहे. मुलार्ड कंपनीने १९५९ मध्ये व्हॉल्व्ह खपावेत म्हणून सर्किटांचं एक पुस्तकच काढलं होतं. त्यात ईएल-३४ च्या जोडीचा वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. आमच्या मेकॅनिकने त्या जातीच्या सर्किटात प्लेटचा दाब वाढवला, ताकद जवळपास दुप्पट केली आणि मंडईला पुरेल असं करून ठेवलं. फेंडरचे पहिले नकाशेही व्हॉल्व्ह कंपन्या छापत त्यांच्याहून फार निराळे नव्हते. फेंडरने पुस्तक पाहिलं, मार्शलने फेंडर पाहिला, आमच्या माणसाने हाताला लागलं ते पाहिलं. तिघांनी आपापल्या बाजारात मिळणारे भाग जोडले. त्यातल्या दोघांनी नावाची पट्टी लावली.

आमचा बाजार कोणता, तर रेल्वे नेईल तो. गोंदिया हावडा-मुंबई लाइनवर असल्याचा फायदा राइस मिलवाल्यांना आणि बिडीवाल्यांना झाला, तसा आम्हालाही. नागपुरात नाही मिळालं तर कलकत्त्याचं चांदनी मार्केट किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. आरंभी माल विलायती असे. १९५४ मध्ये बंगळूरला उभी राहिलेली भारत इलेक्ट्रॉनिक्स १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवू लागली आणि निदान लहान व्हॉल्व्हची ददात मिटली. माझ्या मशीनमधल्या तिन्ही ईसीसी-८३ वर बीईएलचीच छाप आहे. परदेशातले शौकीन आता हे बंगळूरचे व्हॉल्व्ह शोधत असतात. आमच्याकडे ते खिळ्यांच्या डब्यात पडलेले सापडतात.

हीच बीईएल १९६२ पासून ट्रान्झिस्टरही बनवू लागली होती. ते आमच्या धंद्यात मशीन म्हणून शिरायला वेळ लागला, पण शिरले तेव्हा कोणी रडलं नाही. हलकी पेटी, तापायला थांबणं नाही, बॅटरीवर थेट चालते, बंडीतून आपटली तरी हूं का चूं नाही. बाबूजींनी पहिली ट्रान्झिस्टरची मशीन घेतली तेव्हा घरात पेढे वाटले होते. जुन्या मशीना भंगारात गेल्या, आणि त्या आवाजासाठी नव्हे, ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्यासाठी फोडल्या गेल्या. ही एक वाचली, कारण ती माळ्यावरून उतरवायचा सगळ्यांना कंटाळा होता.

मी ती उतरवली भाच्याच्या हट्टाने. पोट्टा नागपुरात इंजिनिअरिंग शिकतो, चार मित्रांत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. मशीन पाहून तो थेट प्लग लावायला निघाला, त्याला मी हाताला धरून मागे घेतलं. वर्षानुवर्षं बंद पडलेली व्हॉल्व्हची मशीन सरळ चालू करणं म्हणजे तिचा जीव घेणं. कंडेन्सर वाळलेले असतात. एकदम पूर्ण दाब मिळाला की फुटतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. आधी कागदी कंडेन्सर सगळे बदलले. मग व्हॉल्व्ह काढून, सिरीजमध्ये बल्ब लावून दाब थोडा थोडा चढवला. दोन पिनांची वायर फेकून तीन पिनांची घातली, अर्थिंग पेटीला जोडली. गिटारच्या तारांना बोटं लागलेली असतात, त्या तारा पेटीशी जोडलेल्या असतात, आणि पेटीत चारशेच्या वर व्होल्ट खेळत असतात. यात हौसेला जागा नाही.

माइकचं बटन गिटारला इतकं चांगलं जुळेल असं भाच्याला वाटलं नव्हतं. मला ते अपेक्षित होतं. जुन्या मशीनांचा माइकचा सॉकेट क्रिस्टल माइकसाठी असे. तो माइक अशक्त, त्याच्यावर भार पडला की आवाज मरतो, म्हणून सॉकेट मुद्दाम फार उंच इम्पिडन्सचा ठेवत. गिटारचं पिकअप त्याच कुळीचं. भोंग्यावर मात्र ते डब्यातल्यासारखं वाजलं. मग बारा इंची स्पीकर आणून आठ ओहमच्या टर्मिनलवर लावला. पोट्ट्याने बटन पार शेवटपर्यंत फिरवलं. साऱ्या जन्मात बाबूजींनी जे होऊ दिलं नाही ते ऐकून शेजारच्या वाड्यातली म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, ‘कोनाची मशीन बिघडली रे?’

भाच्याला ती नागपूरला न्यायची आहे. त्याच्या मित्रांतल्या एकाने पुढच्या पट्टीसाठी मार्शलच्या अक्षरांचं स्टिकरही आणून ठेवलं आहे. मी तीन अटी घातल्या. स्पीकर जोडल्याशिवाय मशीन कधीही चालू करायची नाही, कारण भाराविना चालली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तसा गुंडाळून देणारा माणूस आता शोधावा लागेल. दुसरी, पट्टीवर काही चिकटवायचं नाही. आणि भाऊबीजेनंतर ती इकडे परत आणायची. नाटकाच्या कामाची ती नाही. आता प्रत्येक नटाच्या कॉलरला माइक असतो आणि मिक्सरवर माझा मुलगा बसतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद ठरवला, आणि आमचं नाटक रंगायला लागतं तेच मुळी दहानंतर. त्यावर गावोगाव काय तोडगा निघतो ते मी इथे लिहिणार नाही, धंदा अजून चालू आहे. पण मंडईच्या दिवशी, उन्हात, दंडार सुरू होण्याआधी तासभर मशीन लावायला कोणाची हरकत नसते. गेल्या साली तिच्यावर ७८ च्या तबकड्या लावल्या, फोनोच्या बटनावर, भोंगा जोडून. या साली गिटार वाजवायचं ठरतंय. दंडारीचे ढोलकीवाले विचारत आहेत की गिटारवाला पोट्टा त्यांच्या तालात बसेल का, आणि भाचा म्हणतो तालाचं पाहू, आधी लाइटचा दाब मोजून ठेव, मामाजी.