सुट्या भागाचा इतिहास : एका जुन्या सुकाणूच्या निमित्ताने



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात तेलकट लोखंडाच्या ढिगाऱ्यापुढे उकिडवा बसून, हातातल्या झिजलेल्या भागाशी दुसरा भाग ताडून पाहणारा मनुष्यही एका परीने संशोधकच असतो. पोथ्यांचे पाठभेद जुळविणारा पंडित आणि हा कारागीर यांचे काम एकाच जातीचे आहे. मात्र पंडिताचा पाठ चुकला तर टीका होते. मोटारीच्या सुकाणूचा भाग चुकला तर माणूस दगावतो.

घोडागाडी वळे तेव्हा तिचा पुढचा आस दोन्ही चाकांसकट फिरे. १८१७ साली म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडीकाराने प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्र खुंटीवर वळविण्याची युक्ती काढली. पुढल्याच वर्षी लंडनचे प्रकाशक रुडॉल्फ आकरमन यांनी तिचे इंग्लंडातील पेटंट घेतले, आणि जगात नाव राहिले ते आकरमन यांचेच. या युक्तीने वळणे सोपे झाले, पण सांधे वाढले. आणि सांधा आला की झीज आलीच. झिजलेला भाग लोहार त्या एकाच गाडीच्या मापाने घडवी आणि कानस मारून बसवी. शेजारच्या गाडीला तो बसेलच, असा भरवसा नसे.

हा भरवसा मोटारीच्या बाबतीत कधी सिद्ध झाला, ते सांगता येते. १९०८ साली इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या करविल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, त्यांतले ८९ भाग काढून घेऊन त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग दिले, आणि त्या ढिगाऱ्यातून पुन्हा तीन गाड्या उभ्या करावयास लावल्या. तिन्ही गाड्या जुळल्या आणि प्रत्येक गाडी ५०० मैल धावली! त्या दिवसापासून सुटा भाग म्हणजे कारखान्याने गिऱ्हाइकाला दिलेले वचन ठरले : आज केलेले माप उद्याही तेच राहील.

पण वचन देणाराच उरला नाही तर? आपल्या परिचयाच्या एका घराण्याचे उदाहरण घेऊ. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका इंग्लंडात १९५९ साली थांबली. तिच्यावरून घडविलेली अँबॅसडर मात्र कलकत्त्याजवळील उत्तरपारा येथे २०१४ पर्यंत निघत राहिली. म्हणजे इंग्लंडातल्या वडील बहिणीच्या नात्यातले भाग अर्धशतकाहून अधिक काळ बंगालमध्ये घडत होते! तरीही एवढ्या वर्षांत मापे तीच राहिली असतील असे गृहीत धरू नये. नाते हा पुरावा नव्हे. जुना व नवा भाग शेजारी ठेवून लांबी, दाते आणि निमुळतेपणा मोजूनच निर्णय करावा.

या गाड्यांच्या सुकाणूत रॅक म्हणून ओळखली जाणारी दातेरी दांडी आणि तिला सरकविणारे पिनियन हे लहान दंतचक्र असते. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून दांडीचे मधले दाते आधी झिजतात, टोकांचे जवळजवळ कोरे राहतात. चाक ढिले लागते म्हणून मध्यावर घट्ट करावे, तर वळणावर ते आवळून अडते. तेथे समायोजनाचा इलाज संपतो. दांडी आणि पिनियन जोडीने बदलणे हाच मार्ग.

आट्यांची कथा याहून फसवी. व्हिटवर्थने १८४१ साली सुचविलेल्या ५५ अंशांच्या आट्यावर इंग्लंडचा यंत्रव्यवसाय शंभर वर्षे चालला. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंड यांनी ६० अंशांचा समान आटा मान्य केला. नजरेला दोन्ही सारखेच. परका नट दोन-चार फेरे बसतोही. परंतु ती पकड खोटी असते. म्हणून शतकाच्या मध्यावरच्या गाडीचा भाग घेताना आटे मोजण्याची पट्टी खिशात हवी.

वापरलेला भाग घेतलाच, तर तो घासलेटात बुडवावा, कोरडा पुसावा आणि वर खडूची पूड लावावी. तडा असल्यास आत शिरलेले घासलेट पाझरून खडूवर रेघ उमटते. केसाएवढ्या बारीक तड्यासाठी चुंबकीय तपासणीच करविली पाहिजे. तडकलेला सुकाणूचा हात वेल्डिंगने जोडून वापरणे हा मात्र दुरुस्तीचा नव्हे, आत्मवंचनेचा प्रकार आहे.

जुन्या गाडीवर प्रेम करणारे पुष्कळदा म्हणतात, "मूळचा भाग आहे, तो कसा टाकावा?" मूळचा भाग जपून ठेवावा, कपाटात मांडावा, त्याच्यावर माणसांचा जीव टांगू नये. पोथीचे पान फाटले असेल तेथे प्रामाणिक संशोधक आपल्या पदरच्या ओळी घालीत नाही. तो जागा कोरी ठेवतो आणि दुसरी प्रत शोधीत राहतो. भरवशाचा भाग मिळेपर्यंत गाडी दारात उभी राहिली, तर तिला खुशाल उभी राहू द्यावी.