नाममुद्रा आणि ध्वनिमुद्रिका

छत्रपती संभाजीनगराजवळचे पैठण हे एकनाथांचे गाव. त्यांच्या अभंगाच्या अखेरीस ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते. तीत शिष्याबरोबर गुरूचेही नाव असते. याच शहरात अठराव्या शतकात होऊन गेलेले कवी सिराज औरंगाबादी हेही गझलेच्या शेवटच्या शेरात आपले नाव गोवीत. पद कोणी कोठेही गावो, कर्त्याचे नाव त्याबरोबर प्रवास करी. ध्वनिमुद्रिकेच्या युगात नाव वेष्टनावर गेले, आणि वेष्टन गळताच नावही गळाले.

याचे प्रत्यंतर अमेरिकेत मिळते. १९७३ साली ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ या, केवळ ध्वनिमुद्रणासाठी जमविलेल्या वादकसमूहाचा ‘बाँगो रॉक’ हा फंक संगीताचा संग्रह निघाला. त्याच वर्षी ११ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या तरुणाने एका समारंभात तबकड्या वाजविल्या. हिप हॉपचा आरंभ तेथूनच मानतात. एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटून पालटून लावून तो तालवाद्यांचा तुकडा लांबवीत असे. त्या संग्रहातील ‘अपाची’चा तालखंड पुढे असंख्य हिप हॉप गीतांचा पाया झाला. परंतु जिम गॉर्डन आणि किंग एरिसन हे त्याचे वादक होत, हे त्यावर नाचणाऱ्या कितीजणांस ठाऊक असेल?

पुढे हेच मराठी कंठाच्या वाट्यास आले. बप्पी लाहिरींच्या चालीवर लता मंगेशकरांनी ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटासाठी गायिलेले ‘थोडा रेशम लगता है’ हे गीत २००२ साली डीजे क्विकने ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाण्यात गुंफले. गाणे गाजले, लाहिरींचे नाव मात्र त्यावर नव्हते. ते न्यायालयात गेले, आणि २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांच्या नावावाचून तो संग्रह विकण्यास मनाई केली. उलट २००५ साली ‘ब्लॅक आइड पीज’ने आशा भोसले यांनी गायिलेल्या दोन गीतांचा आधार घेतला, तेव्हा संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांस रीतसर श्रेय दिले.

उसनवारीस आमचा आक्षेप नाही. आमचा कीर्तनकारही पूर्वसूरींच्या पदांवरच आख्यान उभारतो. आणि ज्यांच्यापाशी वाद्ये नव्हती त्यांनी तबकडीचेच वाद्य केले, यात कल्पकताच आहे. पण कीर्तनकार मुद्रा गाळीत नाही. न्यायालयाने चाल रचणाऱ्याचे नाव परत दिले. ताल धरणाऱ्याचे नाव परत देणे हे श्रोत्यांचे काम आहे, असे आम्हांस वाटते.