चित्राचा बांध

पुतण्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि टोमॅटोच्या हिशेबाचा तक्ता उघडला. नारायणगावच्या मार्केटात कधी किती क्रेट गेले, काय भाव मिळाला, हे आबांना बसल्या जागेवरून वाचता यावं एवढंच त्याच्या मनात होतं. पण डावीकडचे ओळींचे क्रमांक दिसेनात. तारखांच्या रकान्यात महिना दिसत होता, साल दिसत होतं, दिवस मात्र नव्हता. खालची पट्टी अर्ध्याहून जास्त काचेबाहेर गेलेली.

"काका, तारीख खाल्ली टीव्हीनं," पुतण्या म्हणाला.

आबा म्हणाले, "बांध कोरलाय कुणीतरी."

आबांचा शब्द मला फार पटला. आमच्या पिंपळवंडीत बांध कोरण्यावरून भावाभावांचं बोलणं तुटलेलं पाहिलंय. पण टीव्हीच्या चित्राचा बांध कुणी लबाडीनं कोरला नव्हता. चित्र नीट दिसावं म्हणूनच तो कोरला गेला, आणि ही रीत टीव्हीइतकीच जुनी आहे. तंत्रज्ञ तिला ओव्हरस्कॅन म्हणतात.

जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनची शलाका सुटायची आणि काचेवर डावीकडून उजवीकडे, एकाखाली एक रेषा ओढत जायची. नांगर एका टोकाला पोचला की पुन्हा तासाच्या सुरुवातीला आणावा, तसं या शलाकेलाही प्रत्येक रेषेनंतर परत यावं लागे. आपल्याकडच्या पद्धतीत एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळत, त्यातले सुमारे १२ या परतण्यात जात. रेषा एकूण ६२५, पण चित्राच्या साधारण ५७५च; उरलेल्या वेळात शलाका तळातून वर यायची.

ही शलाका वळवायची ती ट्यूबच्या मानेभोवतीच्या वेटोळ्यांनी, विजेच्या जोरावर. जोर कमी पडला की ती कमी वळायची आणि चित्र आखडायचं. संध्याकाळी मळ्यातल्या मोटारी चालू व्हायच्या, बल्ब पिवळा पडायचा आणि टीव्हीवरचं चित्र चारी अंगांनी आत सरकायचं, कडेला काळी चौकट उघडी पडायची. ज्यांच्या घरी तेव्हा टीव्ही होता त्यांना हे सांगायला नको. स्टॅबिलायझरचा टक् आवाज आला की चित्र पुन्हा फुगायचं. विजेचा दाब अगदी स्थिर असला तरी चित्राचा आकार स्थिर राहीलच असं नव्हतं. पडद्यावर फार उजळ दृश्य आलं की ट्यूबमधला उच्च दाब जरा घसरायचा, शलाका मंदावायची आणि मंद शलाका जास्त वळायची. चित्र किंचित मोठं व्हायचं. अंधारं दृश्य आलं की परत लहान. जणू चित्र श्वास घेतंय. त्यात सेट जुना होत जाई, आतले भाग म्हातारे होत, पाठीमागची हाइट आणि विड्थची बटणं मेकॅनिकला येऊन फिरवावी लागत.

यावर कारखानदारांनी साधा उपाय काढला. चित्र काचेपेक्षा थोडं मोठंच आखायचं. मग ते आखडो की फुगो, काळी कड गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाही. सुरुवातीच्या ट्यूब तर तोंडाशी गोल होत्या, त्यामुळे चौकोनी चित्राचे कोपरे तसेही कुठेतरी सोडावेच लागत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झेनिथ कंपनीनं अख्खा गोल पडदा उघडा ठेवलेले सेटही विकले.

मला खरा मोठेपणा वाटतो तो पुढच्या पायरीचा. घरोघरी चित्र कापलं जाणार, आणि कुणाकडे किती ते सांगता येणार नाही, हे चित्र पाठवणाऱ्यांनी ओळखलं. मग त्यांनी आपल्याच बाजूनं जागा सोडली. महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्के रुंदी-उंचीत आणि अक्षरं त्याहून आत, ८० टक्क्यांत ठेवायची, असा संकेत ठरला. या हद्दीच्या रेघा कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आखलेल्या असत. शहाणा शेतकरी बांधाला खेटून पेरत नाही, तसंच हे. कापणाऱ्यानं कापलं तरी पीक शाबूत.

आपल्या जुन्नर तालुक्याचं नातं या आकाशातून येणाऱ्या चित्रांशी जुनं आहे. नारायणगावजवळच्या आर्वीत विक्रम उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं ते १९७१ साली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७२ला. शेजारच्या गावात उपग्रहाशी बोलणारी ताटली होती तेव्हा आमच्यात टीव्ही नव्हता. सिग्नल कितीही लांबून आला तरी पूर्ण येतो. कड जाते ती आपल्या घरात आल्यावर.

पुढे ट्यूब गेली, सपाट पडदे आले. त्यांत शलाका नाही, वेटोळी नाहीत. प्रत्येक ठिपक्याची जागा कायमची ठरलेली. व्होल्टेज पडलं तर टीव्ही बंद होईल, पण चित्र आखडणार नाही. तरी कापणं राहिलंच. जुन्या प्रक्षेपणांच्या कडेला मळकट, अर्धवट रेषा असत, त्या नव्या स्वच्छ पडद्यावर उघड्या पडू नयेत हे एक कारण. शिवाय इतक्या वर्षांची सवय. एचडी आल्यावर २००९मध्ये संकेतातल्या हद्दी ९३ आणि ९० टक्क्यांपर्यंत सैल झाल्या, पण टीव्हीच्या पोटातली सेटिंग बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली.

आता आमच्या तक्त्याकडे येतो. चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं. टीव्ही त्यातली ९५ टक्केच रुंदी-उंची घेतो आणि ताणून पडदा भरतो. म्हणजे डावी-उजवीकडून ४८-४८ आणि वर-खालून २७-२७ ठिपके गेले. ओळींच्या क्रमांकांची पट्टी आणि तारखेचे पहिले दोन आकडे बरोबर त्या ४८मध्ये येतात. खालची पट्टी जेमतेम ४० ठिपके उंच, तिचे २७ गेले. आणि ताणल्यामुळे उरलेली अक्षरंही पुसट दिसतात, हे आबांच्या डोळ्यांना कडांपेक्षा जास्त छळत होतं.

पुतण्या लॅपटॉपमधून चित्र लहान करायला निघाला होता. ते मी थांबवलं. तिकडून आखडायचं आणि इकडून ताणायचं, यात अक्षर दोनदा मार खातं. टीव्हीकडूनच सोडवावं. रिमोटवर पिक्चर साइज किंवा अ‍ॅस्पेक्ट रेशोमध्ये जावं. एलजीत 'जस्ट स्कॅन', सोनीत 'फुल पिक्सेल', सॅमसंगच्या बऱ्याच सेटांत 'स्क्रीन फिट' असं नाव सापडतं. काही टीव्हींत त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं की कापणं आपोआप थांबतं. मात्र 'झूम' चालू असेल तर तो वेगळा रोग. जुनं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर भरताना तो उंचीतला पाव हिस्सा कापतो.

आमच्या सेटवर तीन वेळा बटण दाबावं लागलं. पडदा क्षणभर काळा झाला, मग तक्ता किंचित लहान होऊन परत आला. डावीकडे एक, दोन, तीन असे क्रमांक उभे राहिले, अक्षरांना धार आली. आबांनी चष्मा सारखा केला.

"बारा जून, चाळीस क्रेट," त्यांनी वाचलं. "आता उजवीकडचा भाव बघू."