पत्र्याच्या आतला दुसरा थर

गेल्या काही वर्षांपूर्वीच्या एका जुलैत आम्ही तिघांनी पानशेतच्या जलाशयाकाठी एका जुन्या मॅटाडोरमध्ये रात्र काढली. गाडी आमच्यापैकी एकाच्या मेहुण्यांची. त्यांनी आतली बाके काढून फळ्यांचे बिछाने, एक कपाट आणि स्टोव्हपुरती जागा केली होती, आणि तिला ते कौतुकाने 'फिरते घर' म्हणत. पाऊस सुरू झाला आणि तिचे घरपण संपले. टपावर कोसळणाऱ्या सरींचा आवाज एवढा, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे. पहाटे छतातून पाणी ठिबकू लागले. गळती शोधली, ती कुठेच सापडेना. ते पाणी पावसाचे नव्हतेच. आमच्याच श्वासातली वाफ थंड पत्र्याला लागून थेंब होऊन आमच्यावर परतत होती.

पत्रा पाऊस अडवतो, मग त्याखाली राहणे एवढे अवघड का व्हावे? प्रश्न कारागिराचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्ही इतिहासात शिरलो आणि फिरून पानशेतलाच आलो.

प्रथम गाडीविषयी. मराठीत कोणत्याही लहान मालवाहू गाडीला 'टेम्पो' म्हणतात, तो शब्द मुळात एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव आहे. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागातील 'विडाल अँड सोन' या कंपनीने १९४९ साली 'टेम्पो मॅटाडोर' बाजारात आणली, तेव्हा तिच्यात फोक्सवॅगनचे इंजिन होते. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आली, आणि १९५१पासून वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बिछाने-कपाटे बसवून तिला प्रवासी घराचे रूप दिले. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पोने विडालच्या सहकार्याने आधी तीनचाकी आणि पुढे मॅटाडोर भारतात आणली. जगभर मिरवणाऱ्या त्या प्रवासी व्हॅनची आकुर्डीत वाढलेली ही चुलत बहीण. फक्त हिच्या वाट्याला सहली कमी आणि भाजीपाला, शाळेची मुले व लग्नाची वऱ्हाडे अधिक आली. माल किंवा माणसे घटकाभर वाहून न्यायची, एवढेच गाडीचे काम. तिच्यात कुणी रात्र काढावी, ही अपेक्षाच नव्हती. म्हणून तिला एकच थर पुरला.

पत्र्याखाली माणसे राहणार आहेत हे ध्यानात घेऊन केलेला एक प्रसिद्ध विचार युद्धाने घडवला. १९१६ साली ब्रिटिश सैन्यातील खाण-अभियंता पीटर नॉर्मन निसेन याने अर्धगोल पन्हळी पत्र्याची झोपडी रचली. सहा माणसे ती चार तासांत उभी करीत, आणि पहिल्या महायुद्धात अशा लाखभर झोपड्या तयार झाल्या. तिचा आकार सर्वांच्या लक्षात राहिला. तिच्यातली खरी हुशारी मात्र नजरेआड होती. बाहेरच्या पत्र्याच्या आत दुसरे अस्तर होते, आणि दोहोंच्या मध्ये हवा कोंडलेली होती. पोलाद उष्णता झपाट्याने वाहून नेते, स्थिर हवा जवळजवळ नेतच नाही. फ्लँडर्सच्या थंडीत शिपायाला तगवणाऱ्या गोष्टींत ही चार बोटांची पोकळीही होती.

येथून गोष्ट पानशेतला येते. १२ जुलै १९६१ रोजी, बांधकाम पुरे होण्याआधीच पाण्याने भरलेले अंबी नदीवरचे पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याचेही धरण फुटले आणि मुठेकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. पुनर्वसनाच्या कामाची धुरा स. गो. बर्वे यांच्याकडे आली. गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती त्या आपत्तीतून वाढल्या. तातडीने छप्पर हवे होते, म्हणून पूरग्रस्तांच्या वाट्याला आलेल्या घरांत निसेनच्या त्या अर्धगोल झोपड्याही होत्या. दगडविटांच्या जाड भिंतींच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे एका दिवसात पत्र्याखाली आली.

छप्पर देणाऱ्यांचे श्रम थोर होते, याविषयी शंका नाही. पण अशा प्रसंगी इतिहास काय मोजतो, हे पाहण्यासारखे आहे. तो घरे मोजतो, कुटुंबे मोजतो, दिलेले भूखंड मोजतो. पत्र्याखालचा वैशाख आणि पत्र्यावरचा आषाढ तो मोजत नाही. ज्या माणसांनी पाण्याचा लोंढा पाहिला, त्यांच्या डोक्यावर पुढच्या पावसाळ्यात तोच पाऊस ताशासारखा वाजू लागला, तेव्हा त्यांना झोप कशी लागली असेल? निवारा मिळाला, अशी नोंद झाली की पहिल्या थराचा हिशेब मिटतो. दुसऱ्या थराचा हिशेब कुणी ठेवत नाही.

गंमत अशी, की दुसऱ्या थराचे हे ज्ञान पानशेतच्या परिसराला परके नव्हते. मावळातले जुने घर कारवीच्या कुडाचे, त्यावर शेणामातीचे लिंपण, वर गवताचे जाड छप्पर. काड्याकाड्यांत कोंडलेली हवा ऊब राखी, माती ओल शोषून पुन्हा सोडी, आणि गवतावर पडलेला थेंब आवाज न करता जिरे. त्याहून नामी उदाहरण इरल्याचे. भाताच्या आवणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचे इरले म्हणजे बांबूच्या बेळांच्या दोन विणी आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पाने. फिरते, हलके, कोरडे, शांत. निसेनने आणि वेस्टफालियाने जे साधले, त्याचे सूत्र ते हेच.

मेहुण्यांनी पुढल्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा उघडली. आवाज आणि उष्णता हे दोन वेगळे शत्रू आहेत, हे त्यांना एका जाणत्या गॅरेजवाल्याने शिकवले. पत्रा वाजतो तो थरथरल्यामुळे. म्हणून आधी त्याला जड, चिकट रबरी पट्ट्या डकवून त्याचे कंपन मारायचे. त्यासाठी सगळा पत्रा मढवावा लागत नाही, प्रत्येक मोठ्या पत्र्याचा मधला भाग धरला तरी बराच फरक पडतो. मग बंद छिद्रांचा फोम, पत्र्याला घट्ट चिकटवून, म्हणजे वाफेला थंड पत्रा गाठता येत नाही. काचलोकर स्वस्त पडते, परंतु ओल धरून बसते आणि आतून गंज लावते. इंजिन चालकाच्या शेजारीच, म्हणून त्याच्या झाकणाला आतून उष्णता सोसणारे जाड अस्तर. सर्वांत शेवटी प्लायवूड. आणि एक झरोका कायम उघडा. कारण कितीही थर दिले तरी श्वासाला बाहेर जायला वाट लागतेच.

पुढच्या जुलैत आम्ही पुन्हा त्याच काठावर गेलो. पाऊस तसाच होता, पण आता तो दूरच्या ओढ्यासारखा ऐकू येत होता. आम्ही हळू आवाजात बोलू शकलो, आणि बोलणे साहजिकच १९६१कडे वळले. बाहेर काळोखात धरणाचे पाणी होते. त्याच्याखाली अंबीच्या खोऱ्यातील गावे गेली, आणि त्याच्याच फुटण्याने खालच्या शहराला पत्र्याखाली आणले. आम्ही हौसेखातर पत्र्याखाली आलो होतो आणि सकाळी उठून घरी जाणार होतो. ज्यांना दुसरे घरच उरले नव्हते, त्यांच्या पत्र्याला आतून काय लावले होते, हे आधी विचारायला हवे होते. आम्हाला ते सुचायला छत ठिबकावे लागले.