वयात येणाऱ्या लेकीचा ड्रेस

मराठी घरांत 'ड्रेस' या शब्दाला मोठा चमत्कारिक अर्थ चिकटला आहे. पाच वर्षांच्या मुलीचा असतो तो फ्रॉक, आजीचे असते ते लुगडे किंवा साडी आणि या दोहोंच्या मध्ये जे काही येते ते सारे 'ड्रेस'. त्यातही कित्येक घरांत ड्रेस म्हणजे केवळ सलवार-कमीज, म्हणजेच पंजाबी ड्रेस. पूर्वी ही मधली जागा परकर-पोलक्याची होती. मुलगी परकर-पोलक्यातून साडीत जायची आणि ती केव्हा जायची हे वडीलधारी मंडळी ठरवीत. तिला काय आवडते हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे. आता ती मधली जागा पाच-सहा वर्षांइतकी रुंद झाली आहे. कुर्ती, लेगिंग्ज, जीन्स, अनारकली, लांब गाऊन अशा नाना प्रकारांनी ती भरली आहे आणि आई व लेकीचे पहिले मोठे मतभेद बहुधा याच जागेत होतात.

रायगडच्या किनाऱ्यावर या मतभेदाला आणखी एक बाजू आहे. अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या गावांत शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पर्यटक उतरतात. आपल्याच वयाच्या मुली अर्ध्या चड्डीत निःसंकोचपणे किनाऱ्यावर फिरताना येथील मुलगी पाहते. सोमवारी तीच मुलगी ओढणी नीट पिनेने टाचून शाळेत जाते, कारण गावात तिला नावाने आणि आडनावाने ओळखणारे लोक असतात. आईला गावाची नजर ठाऊक असते, तर मुलीला मैत्रिणींची. दोघीही आपापल्या परीने बरोबर असतात, म्हणूनच हा वाद दुकानातल्या काउंटरवर सुटत नाही.

मुलींना परंपरेचे वावडे असते, असे मात्र समजू नये. नारळी पौर्णिमेला किंवा शिमग्याला कोळीवाड्यातील शाळकरी मुली हौसेने कोळी पद्धतीचे लुगडे नेसतात, दागिने घालतात आणि दिवसभर त्यात वावरतात. कारण त्या दिवशी सगळ्या मैत्रिणी तशाच असतात. या वयात 'मी निराळी दिसावे' आणि 'मी निराळी पडू नये' या दोन इच्छा एकाच वेळी मनात असतात. आईला सुंदर वाटलेला ड्रेस मुलगी एकदाच घालून कपाटाच्या तळाशी का ठेवते, याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच सापडते. ड्रेस वाईट नसतो. तो घालून ती एकटी पडते, इतकेच. तेव्हा खरेदीला निघण्यापूर्वी 'तुला काय हवे?' या मोघम प्रश्नापेक्षा 'त्या दिवशी बाकीच्या काय घालणार आहेत?' हे विचारणे अधिक उपयोगी ठरते.

बोलणी करायचीच असतील तर ती घरी करावीत. दोन-तीन गोष्टी आईवडिलांनी आधीच स्पष्ट सांगाव्यात : पैसे किती, प्रसंग कोणता आणि कोणती गोष्ट चालणार नाही. पैशाची बाब संकोच न ठेवता सांगावी. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घराची ओढाताण कळते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ज्या घरात पैसा येत नाही, तेथील मुलीला तर ती फार लवकर कळते. त्या मर्यादेच्या आत रंग, गळा, बाही व नक्षी यांची निवड पूर्णपणे तिच्यावर सोडावी आणि सोडली म्हणजे खरोखरच सोडावी. दुकानात तिने हातात घेतलेल्या प्रत्येक कपड्याकडे पाहून नाक मुरडायचे आणि मग 'तुझी आवड' म्हणायचे, हा खेळ मुली तत्काळ ओळखतात.

रंगाच्या बाबतीत आपल्याकडे एक जुनी खोड आहे. 'तुझ्या रंगाला हे शोभणार नाही' हे वाक्य आई, मावशी किंवा दुकानदार सहज बोलून जातो. सावळ्या मुलीला गडद निळा, मोरपंखी, राणी, हळदी असे भरघोस रंग उत्तम दिसतात. फिक्या, राखाडी छटा कधी कधी चेहरा निस्तेज करतात, पण ते गोऱ्या मुलींच्याही बाबतीत तितकेच खरे आहे. कपडा हनुवटीखाली धरून दिवसाच्या उजेडात आरशात पाहिले की काम भागते. त्यासाठी कातडीची चर्चा करण्याची गरज नाही. वजनाचेही तेच. 'जाड दिसतेस' हा शब्द चौदाव्या वर्षी कानावर पडला तर तो चाळिशीपर्यंत पुसला जात नाही. ड्रेस बसत नसेल तर ड्रेसला दोष द्यावा.

आणि तो दोष बहुधा ड्रेसचाच असतो. मुलींची उंची वाढण्याचा जोर साधारणपणे दहा ते चौदा या वयात असतो. पाळी सुरू झाल्यानंतरही ती सर्वसाधारणपणे पाच ते सात सेंटिमीटर वाढते. शरीराचे सगळे भाग एकाच वेळी वाढत नाहीत. आधी हातपाय लांबतात, नंतर खांदे आणि कंबर आकार घेतात. त्यामुळे छातीला बसणारी कुर्ती खांद्यात लोंबते, कंबरेत बसणारी जीन्स घोट्याच्या वर राहते. त्यातून तयार कपड्यांच्या मापांचा घोळ आहे. आपल्या बाजारातील मापे बराच काळ परदेशी तक्त्यांवर बेतलेली होती. भारतीय शरीराची मापे घेण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'निफ्ट'ने, २०१८ मध्ये सहा शहरांतील २५ हजार व्यक्तींच्या पाहणीची योजना जाहीर केली. तिच्यात वयोगट होता १५ ते ६५. बारा ते चौदा वर्षांच्या मुली तिच्याही बाहेरच राहिल्या. तेव्हा चिठ्ठीवर 'एम' आहे की 'एक्सएल' याला महत्त्व देऊ नये. एकाच मुलीला तीन कंपन्यांचे तीन निरनिराळे आकार बसू शकतात, हे तिला आधीच सांगून ठेवावे. आरशासमोर उभी राहून वाढलेल्या अक्षराचे दुःख करण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.

एक नाजूक गोष्ट आया टाळतात. ड्रेस अंगावर नीट न बसण्याचे कारण पुष्कळदा आतले कपडे असतात. ते गतवर्षीच्या मापाचे असतात किंवा मोठ्या बहिणीचे. ते आधी योग्य मापाचे घ्यावेत आणि ड्रेस घालून पाहताना तेच अंगात असावेत. मुलीला पोक काढून चालण्याची सवय लागली असेल तर ती पुष्कळदा एवढ्यानेच सुटते.

आता कापडाविषयी. या किनाऱ्याला कापडाची ओळख नवी नाही. आज नारळी-पोफळीच्या बागांत निवांत पहुडलेले चौल हे प्राचीन बंदर. पोर्तुगीज अमदानीत तेथील रेशमी कापड नावाजलेले होते आणि सतराव्या शतकात इंग्रजांनी तेथील विणकरांना मुंबईत वसण्यास उत्तेजन दिले. तो उद्योग गेला, हवा मात्र तीच राहिली : दमट, खारी आणि वर्षाचे चार महिने भिजलेली. अलिबागला पावसाळ्यात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जाड जीन्स त्या दिवसांत दोन-तीन दिवस वाळत नाही आणि ओलसर राहिली की तिला कुबट वास येतो. पॉलिस्टर लवकर वाळते, पण घाम शोषत नाही. शाळेत पाच-सहा तास बसणाऱ्या मुलीच्या काखेत त्याने पुरळ येते. सुती कापड सर्वांत सुखाचे, मात्र ते आटते. शिवण्यापूर्वी एकदा पाण्यात भिजवून काढावे. रेयॉन अंगावर छान सुळसुळते, परंतु ओले असताना त्याचा धागा कमकुवत होतो, म्हणून ते पिळू नये. 'प्युअर कॉटन' असे दुकानदाराने सांगितले तरी शिवणीतला सुटा धागा घरी जाळून पाहता येतो. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देऊन राख होतो. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. खाऱ्या हवेत लोखंडी हूक लवकर गंजतात आणि ड्रेसवर तांबूस डाग पाडतात. शक्यतो प्लॅस्टिकची साखळी किंवा कापडाने मढवलेली बटणे घ्यावीत.

समारंभासाठी खण आणि इरकल यांचे ड्रेस गेल्या काही वर्षांत मुलींच्या चांगलेच पसंतीस उतरले आहेत. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा जो खण एके काळी चोळीपुरता होता, त्याचे आता पायघोळ झगे शिवले जातात. आजीला खण दिसतो, नातीला ड्रेस दिसतो, आणि दोघींचे जमते. आगरी-कोळी समाजात हळदीचा थाट लग्नाइतकाच मोठा. तेथे पिवळा ड्रेस हवाच असतो. पण हळदीचे डाग पडणार, रात्री उशिरापर्यंत नाचणे होणार, हे लक्षात घेऊन त्यावर फार खर्च करू नये आणि घेर पायात येणार नाही इतकी उंची ठेवावी.

खरेदीसाठी अलिबाग, पेण, पनवेलच्या बाजारपेठा आहेत, तरी दादरची ओढ कायम आहे. मार्च २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो बोट सुरू झाल्याने पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असल्या तरी जलमार्गाने जाता येते. प्रश्न येतो तो बदलून आणण्याचा. दोनशे रुपयांच्या कुर्तीसाठी कोण पुन्हा मुंबई गाठणार? म्हणून तिथेच घालून पाहावे. नुसते उभे राहून नव्हे. बसून, वाकून, हात वर करून. ड्रेस सदोष निघाला आणि दुकानदाराने पावतीवरील मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, तो परत घेऊन पैसे देण्याचे नाकारले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मुलीला नंतर आवडला नाही, हा मात्र दोष नव्हे. तेथे दुकानाचे धोरण चालते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरील कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे, हेही सणाची खरेदी करताना ध्यानात असलेले बरे.

इतके करूनही वाढत्या मुलीसाठी गावातला चांगला शिंपी किंवा शिवणकाम करणारी शेजारीण हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. मोबाइलवरचे चित्र दाखवून मुलीने स्वतः तिच्याशी बोलावे, आईने मध्ये दुभाष्याचे काम करू नये. शिलाईच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिवणकामात 'माया' म्हणतात. ती दोन्ही कुशींना इंचभर आणि खालच्या दुमडीत दोन-तीन इंच ठेवायला सांगावी. बाहेरून ड्रेस आजच्या मापाचाच दिसला पाहिजे. पुढे वाढेल म्हणून ढगळ शिवलेला ड्रेस मुलगी पहिले वर्षभर घालत नाही आणि पुढे तो तिला नकोसा होतो. मुंढ्याला माया फार ठेवली तर हात उचलताना काचते, तेथे अर्धा इंच पुरे. वर्षभराने टीप उसवताना आतले कापड थोडे गडद दिसेल. चार-पाच धुण्यांत ते बाकीच्या कापडाशी बरेचसे मिळून येते.